जकात नाही

सोपी आहे फेरी, वैतीकाका म्हणाले,
चढ म्हणशील तर दोनच, दोन्ही पुलांचे,
बाकी रस्ता वय सांभाळून घेतो.
त्यांचं वय एकोणसत्तर.
माझं सत्तेचाळीस, आणि सायकल शिकून
झालेले चार महिने.

कोपरीतून साडेपाचला निघालो.
स्टेशनखालून चेंदणी, मग कळव्याचा पूल.
खाली खाडी सुकतीला लागलेली,
चिखलावर निवट्यांनी ओढलेल्या रेघा,
शिकणाऱ्या मुलाने पाटी अर्धीच पुसावी तशा.

विटाव्याला रेल्वेपुलाखाली पाणी.
मी पाय वर घेऊन ओरडले.
ओरड खुशाल, काका म्हणाले, ब्रेक तेवढा दाबू नकोस.
पुढे पाटी: नवी मुंबई आपले स्वागत करते.
पाटीच्या अलीकडे खड्डा, तो ठाण्याचा.
पलीकडे खड्डा नव्हता.
ते जरा लागलं मला.

एकतीस वर्षं काका जकात नाक्यावर होते.
पावतीपुस्तक, कार्बनने निळं झालेलं बोट,
रात्रपाळीत उतू गेलेला चहा.
मग एका पहाटे जकातच उठली.
लोकांनी पेढे वाटले.
यांनी टेबलाचा खण रिकामा केला:
दोन पिना, एक रबर,
आणि एका ट्रकची पावती, जो परत आलाच नाही.

ऐरोलीला शिरलो तेव्हा ऊन झालं होतं,
सेक्टरांतल्या बायका चालायला बाहेर पडलेल्या,
पांढऱ्या बुटांत, भराभर.
काकांनी मात्र सायकल दिव्याच्या कोळीवाड्यात वळवली,
मला काही न सांगता.

चांगुणा राहते का इथे? त्यांनी विचारलं.
जाळं शिवणारीने मान वर केली.
कनची चांगुना? आमचे गावान तीन.
दोघी गेल्या. येक पोरीकरं, वसईला.

मग तिथेच, होडीला टेकून, काका बोलले.
मे महिना होता. टेंपो अडवलेला.
चांगुणाच्या पाट्यांखाली दुसऱ्याच कुणाचा माल.
कागद तपासायला पाऊण तास लागला.
ती खाली उतरली, नाक्याच्या खिडकीवर हात आपटून म्हणाली,
बर्फाची पन जकात घे,
पन बिगी घे, पानी व्हतंय त्याचा.
मी हसलो होतो गं, काका म्हणाले.
आख्खा नाका हसला होता.

जाळंवालीकडून अर्धा किलो सुका जवळा घेतला.
घासाघीस केली नाही.
ती संशयाने बघत राहिली.

पुलाचा चढ मी उतरून चढले. ते बसूनच.
मधोमध थांबलो.
लांबवर थोडे रोहित,
लोक गाड्या थांबवून फोन काढत होते.
काका माझ्या मागच्या टायरची हवा दाबून बघत होते.
हद्द इथेच कुठेतरी, ते म्हणाले,
नकाशावर तुटक रेघ आहे, पाण्यातून जाते.
मी वाकून पाहिलं.
भरती लागली होती. एक प्लास्टिकची चप्पल
सावकाश ठाण्याकडे निघाली होती.

मुलुंडचा जुना नाका आला.
खिडकीला पत्रा, पत्र्यातून पिंपळ.
काकांनी ब्रेक दाबला, एक पाय टेकला.
मागून बस बोंबलत गेली.
ते हलले नाहीत.
मला वाटलं दम लागला असेल.
मग कळलं. मी पुढे झाले, सायकल आडवी घातली,
आवाज जाड केला:
काय माल?

जवळा. सुका. अर्धा किलो.
त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला,
पेन असायचं तिथे.

जाऊ दे, मी म्हटलं.
कागद बघ आधी, ते म्हणाले.
ज्या वर्तमानपत्रात जवळा बांधला होता
तो मी उलटा धरून वाचला. बराच वेळ.
कुणी हसलं नाही.

कोपरीच्या वळणावर म्हणाले,
पुढच्या रविवारी उलट्या बाजूने जाऊ.
बरं.
आणि वसई किती लांब पडेल गं, सायकलने?
पुडी त्यांनी माझ्याच कॅरियरला अडकवली होती,
सगळ्या रस्त्याला वास येत होता.
ती फेरी सोपी नाही काका, मी म्हटलं.
नसू दे, ते म्हणाले, आणि चेन सोडलेली नसताना
खाली वाकून चेन बघत बसले.